तपकिरी काचेपलीकडची खुर्ची

मी एक खडक बोलत आहे. जेद्दा शहरातील एका घरात, काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्याखाली माझा मुक्काम आहे. मत्स्यालये बाळगणारे लोक मला ‘जिवंत खडक’ म्हणतात. वस्तुतः मी प्रवाळांचा सांगाडा आहे. मला घडवणारे जीव केव्हाच मरून गेले; त्यांनी मागे ठेवलेल्या पोकळ्यांत आज कोळंब्या, कृमी आणि असंख्य सूक्ष्म जीव नांदतात.

तलअतच्या वडिलांनी मला तांबड्या समुद्रातून आपल्या नावेत उचलून घेतले. त्या काळी कोणी अडवत नसे. पुढे तलअतने ही टाकी उभारली, मला मधोमध बसवले आणि माझ्या अंगाखांद्यावर प्रवाळ लावले. पाण्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. गाळणयंत्रातून काढून, त्यात विरघळलेले सारे काही वेगळे करून मगच तो ते टाकीत घाली.

“यांना चवीचं पाणी चालत नाही,” तो पत्नीला, फौझियाला, सांगे. “कोरं लागतं.”

“माशांचे नखरे बरे सांभाळता,” ती म्हणे. “माझ्या कॉफीत वेलदोडा कमी पडला की मात्र तुमचं तोंड वाकडं.”

सूर्यास्ताची नमाज झाली की तो टाकीशेजारच्या खुर्चीत बसे आणि अंगठीने काचेवर टकटक करी. त्यासरशी मासे त्या कोपऱ्यात गोळा होत. एके दुपारी तो जेवून जरा आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही.

फौझियाची इद्दत सुरू झाली. शोकाच्या त्या काळात तिने विनाकारण बाहेर पडायचे नव्हते, परपुरुषासमोर यायचे नव्हते. घर निःशब्द झाले. टकटक थांबली, परंतु मासे ठरल्या वेळी त्या कोपऱ्यात येतच राहिले. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ते पाण्यात निश्चल उभे राहत. पहिल्यांदा हे पाहिले, तेव्हा फौझियाच्या हातून पेला निसटला. त्या दिवसापासून ती त्यांना दोनदा खाऊ घालू लागली: एकदा स्वतःच्या हाताने आणि एकदा त्याच्या नावाने.

उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने आटते. तलअतचे गाळणयंत्र तिने कधी हाताळले नव्हते. त्याच्या जीवांना वाटेल ते पाणी घालणे तिच्या मनाला पटेना. तेव्हा मक्केहून आलेले झमझमच्या पवित्र विहिरीचे पाणी ती टाकीत ओतू लागली. आजाऱ्याला द्यायचे, मरणाऱ्याच्या ओठांना लावायचे ते पाणी. प्रत्येक वेळी तिचे ओठ दुआ पुटपुटत असत.

मग तपकिरी रंग आला. आधी वाळूवर, मग माझ्यावर, मग काचेवर. हे डोळ्यांना न दिसणारे शेवाळजीव स्वतःभोवती काचेचे कवच बांधतात आणि त्यांचा थर धुळीसारखा दिसतो. मागोमाग उरलेल्या खाण्यावर हिरवे केसाळ शेवाळ माजले. माझ्या खांद्यावरचे प्रवाळ मिटून गेले. त्यांचा श्वास मंदावत चालल्याचे मला जाणवत होते. मी स्वतः अशाच मरणातून घडलो असल्याने ती जाणीव मला ओळखीची होती.

फौझिया रोज जास्त पाणी ओती. थर रोज जाड होई.

आणखीही एक गोष्ट घडू लागली. संध्याकाळी दिवा लागला की खुर्चीकडच्या तपकिरी काचेतून तिथे कोणीतरी बसल्याचा भास होई. भासच म्हणावा लागेल. मी शपथेवर काही सांगू शकत नाही. मासे मात्र तिथेच पाहत असत आणि फौझियाही.

तलअतची थोरली बहीण बहीजा एके दिवशी आली आणि पडदे सारून टाकीसमोर उभी राहिली.

“हे काय मांडलंयस? चहाचं आधण?”

“त्यांच्यामागे सगळे सुकताहेत, ताई.”

“सुकत नाहीत, बुडताहेत. तलअतच्या हातचं तेवढंच जिवंत उरलंय आणि तू बघत बसलीस?”

तलअतचा मित्र रशाद याच्याकडे अशीच टाकी होती. पण इद्दतीत त्याने आत येणे शक्य नव्हते. म्हणून बहीजा कॉफीच्या थर्मासात टाकीचे पाणी भरून त्याच्या घरी गेली. परतली ती अंगावरचा लांब काळा अबाया न काढताच बसून राहिली.

“काय म्हणाला?” फौझियाने विचारले.

“वर कुठलं पाणी घालता, म्हणून विचारलं. मी सांगितलं.” बहीजाने थर्मास खाली ठेवला. “संकोचला बिचारा. मग म्हणाला, त्या पाण्याला दोष नाही, ते माणसांसाठी आहे. पण विहिरीचं पाणी कुठलंही असो, ते खडकातून झिरपून येतं. खडकाचा अंश त्यात उतरतो आणि हे तपकिरी त्यावरच पोसतं.”

“म्हणजे मीच मारतेय त्यांना.”

“तू दुआ करत होतीस.”

“करत मीच होते ना, ताई?”

बहीजाने कॅनमधले झमझमचे पाणी पेल्यात ओतले आणि फौझियासमोर धरले. “पी. कालपासून तुझ्या पोटात काही गेलेलं दिसत नाही. ज्याच्यासाठी आहे त्याला मिळू दे.”

फौझिया ते रीतीप्रमाणे बसून, तीन घोटांत प्यायली आणि त्यानंतर प्रथमच मोठ्याने रडली.

रशादने फोनवरून सांगत राहावे, बहीजाने चुकीची नळी ओढावी आणि फौझियाने ती बरोबर जोडावी, अशा रीतीने यंत्र सुरू झाले. खाणे एका वेळेवर आले. दिव्याचे तास कमी झाले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आल्या. फौझियाने केसाळ शेवाळ माझ्या अंगावरून बोटांनी उपटले. तिचा तो पहिला स्पर्श. तीन बाजूंच्या काचा तिने स्वच्छ खरवडल्या आणि खुर्चीकडच्या काचेपाशी तिचा हात थांबला.

“तीही पूस,” बहीजा म्हणाली.

“ती राहू दे. गोगलगायींना खायला हवं, असं रशादभाईच म्हणाले.”

बहीजाने तिच्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले, आणि फडके धुवायला निघून गेली.

आता माझ्या अंगावर पुन्हा, निरोगी पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाचे गुलाबी डाग उमटत आहेत. दोन प्रवाळ गेले, बाकीचे उमलले. टाकीची निगा राखणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: आमच्यावर माया करा, परंतु आम्हांला काय सोसते ते आधी विचारा. आणि या घरात कधी आलात, तर ती चौथी काच पुसू नका. गोगलगायी तिच्यावरचा थर थोडा थोडा खात आहेत. रोज थोडे अधिक पलीकडचे दिसते, आणि तेवढ्याच वेगाने ती खुर्ची रिकामी पाहण्याची सवय फौझिया स्वतःला लावून घेत आहे.