डाव्या बाजूचा कापूस

मित्रांनो, मला डोकं नाही, हात नाहीत आणि पायांच्या जागी लाकडाचा एक दांडा आहे. शिवणकामाच्या दुकानातला मी एक जुना पुतळा. गिऱ्हाइकं मला 'डमी' म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही.

माझा जन्म याच दुकानात झाला. दुकान दोन बहिणींचं. थोरली कापड बेतायची नि कापायची, धाकटी शिवायची आणि दिवसभर बडबडायची. एकदा धाकटीने थोरलीला जुना सदरा घालून खोलीच्या मधोमध उभं केलं आणि तिच्या अंगावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या.

"हलू नकोस गं ताई, नाहीतर पुतळा कुबडा होईल!"

"नाक खाजतंय माझं, त्याचं काय करू?"

दोघी हसून हसून बेजार झाल्या. कागद वाळल्यावर पाठीत कापून थोरलीला बाहेर काढलं, त्या साच्याबरहुकूम कापडाचं अंग शिवलं आणि आत कापूस ठासला. झालो मी तयार! म्हणजे माझं अंग थोरलीचंच. तिचा कपडा माझ्यावर बसला की तिला घालून बघायचीही गरज नसे.

काय दिवस होते ते! माझ्यावर कोट चढले, झगे चढले. मला काचेपाशी उभं करत आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघत. टाचण्या टोचायच्या, पण मी कधी हूं की चूं केलं नाही.

मग थोरलीचा एक नवा सदरा तिला डावीकडे घट्ट झाला. माझ्यावर तर तो छान बसला होता.

"पुतळा आटला, का तू सुटलीस?" धाकटी म्हणाली.

शिवणकाम करणाऱ्यांचं एक असतं. कपडा अंगाला बसला नाही की त्यांना वाटतं, चूक कपड्यातच आहे. थोरलीने डावी शिवण उसवून सैल केली. धाकटीने माझ्या छातीत डावीकडे मूठभर कापूस कोंबला. माप जुळलं, विषय संपला. थोड्याच दिवसांत सदरा पुन्हा घट्ट झाला. पुन्हा उसवला, पुन्हा कापूस कोंबला. मी एकाच बाजूने फुगत होतो, मित्रांनो, आणि मला ओरडता येत नव्हतं.

शेवटी थोरलीने पडद्याआड धाकटीला छाती दाखवली. डावी बाजू लाल, तापलेली, सुजलेली. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे.

"गाठ लागते का गं?" धाकटीने घाबरून विचारलं.

"नाही. चाचपून बघितलं मी. गाठ नाही, म्हणजे तसलं काही नसणार."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही ते साधं इन्फेक्शन वाटलं. गोळ्यांनी लाली जराशी उतरली आणि परत आली. "हातातली कामं उरकली की जाते," म्हणत थोरलीने दिवस ढकलले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कातडीचा तुकडा काढून तपासला. दोघी त्यांच्याकडून परत आल्या, तेव्हा थोरली खुर्चीत बसून राहिली. त्या काय म्हणाल्या, तिला काहीच आठवेना. तेव्हा धाकटीने खडू उचलला आणि माझ्या छातीवर बारीक रेघा ओढल्या.

"हे बघ ताई. कातडीखाली अशा बारीक वाटा असतात, अंगातलं पाणी वाहून न्यायला. कॅन्सर त्यांत शिरून त्या तुंबल्यात. म्हणून सूज, म्हणून लाली. या प्रकारात बऱ्याचदा गाठ लागतच नाही. फार क्वचित होतो, म्हणाल्या."

"मग कापून टाका म्हणावं."

"आत्ताच कापलं तर मागे राहील काहीतरी. आधी शिरेतून औषध, मग ऑपरेशन, मग किरणं."

थोरली माझ्याकडे बघत राहिली. "आणि आपण कापूस भरत बसलो," ती म्हणाली. धाकटीची बडबड त्या दिवशी बंद पडली, ती आजतागायत.

औषधाने थोरलीचे केस गेले, तोंडाची चव गेली. "पुतळ्याचं बरंय, डोकंच नाही तर टक्कल कुठून पडणार!" असं म्हणून ती एकटीच हसली. ऑपरेशननंतर तिने स्वतःच्या हाताने माझी शिवण उसवली, डावीकडचा सगळा कापूस उपसला आणि तिथलं कापड सपाट शिवून टाकलं. पुन्हा आम्ही एका मापाचे झालो. किरणंही संपली. दोघींना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं.

पण आजार यकृतात पोचला होता. आता बरं करणारं औषध नाही, दुखणं कमी करणारं आहे, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. थोरली आटत चालली आहे. तिला ढगळ कपडे खपत नाहीत, म्हणून धाकटी माझ्यातलाही कापूस काढत असते.

काल थोरली म्हणाली, "मी गेले की याला तुझ्या मापाचा कर. दुकान चालायला हवं."

"नाही करणार."

"वेडी आहेस. मग एवढं तरी कर. तुझा कपडा एकीकडे घट्ट झाला तर शिवण उसवू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे जा. घे शपथ."

धाकटीने शपथ घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. थोरलीकडे तिला बघवेना.

मित्रांनो, तुमच्या आईला, मावशीला, आत्याला हे सांगा. छाती लाल झाली, सुजली आणि गोळ्यांनी जाईना, तर गाठ नाही म्हणून गप्प बसू नका म्हणावं. लवकर गेलं तर निदान लढायला वेळ मिळतो. आम्हाला तो मिळाला नाही.

माझ्यातून काढलेल्या कापसाची धाकटीने उशी शिवली आहे. थोरली तिला टेकून बसते. आज सकाळी धाकटीने उशीत आणखी कापूस भरला, आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं, कारण मला आता सरळ उभं राहता येत नाही.