गव्हाच्या मुठीत

"मॅडम, ही फोटोत हसतेय, पण डबा पाहा कसा मांडीखाली दाबून धरलाय," रूपा म्हणाली, आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बसलेल्या साऱ्या मुली फोटोवर वाकल्या.

फोटो आफ्रिकेतला होता. लाल मातीचं अंगण, मागे केळीची झाडं, आणि पुढ्यात वीसेक वर्षांची एक सावळी, तेजदार मुलगी. केळी पाहून मुलींना ती परकी वाटेना. रावेरजवळच्या या गावात जन्मलेल्या मुलीला केळीच्या सावलीतला माणूस परका वाटणारच कसा?

"डबा दाबलाय म्हणजे काय असेल?" सारिका मॅडमनी विचारलं. त्या पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आल्या होत्या. तिकडे आफ्रिकेत तरुण मुलींसाठी बचतीच्या, कर्जाच्या योजना आखताना मुलींना बोलतं करायला असेच फोटो वापरले होते. आता कंपनीला तशीच एक योजना इथल्या मुलींसाठी आणायची होती. आजवर कंपनी कर्ज द्यायची ते लग्न झालेल्या बायकांना, नवऱ्याची सही घेऊन. कुमारिकांना नाही. त्या उद्या सासरी जाणार, मग हप्ता कोणाच्या दारात मागायचा?

"असंन काहीतरी. तिच्या भावाले ठाऊक नसंन ते," रूपा बोलली आणि तिनं फोटो घाईनं शेजारणीकडे सरकवला.

खांबाला टेकून बसलेली रूपाली सावरून बसली.

रूपाली त्याच कंपनीत केंद्र अधिकारी. याच गावची लेक. आई-वडील गेले, भाऊ सुरतेला गेला, घराला कुलूप लागलं. आता माहेर म्हणजे हे देऊळ आणि देवळात झाडलोट करणारी धुरपदाबाई. लग्न होऊन ती जळगावात पिंप्राळ्याला गेली होती. रोज सकाळी गाडीनं भुसावळवरून रावेर, तिथून गावोगाव बायकांच्या बैठका, संध्याकाळी परत. आजच्या बैठकीआधी शाखेच्या भूपेंद्र सरांनी तिला बजावलं होतं, "पोरींकडून चांगलं काहीतरी निघालं पाहिजे. जळगावच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे. मी काय म्हणतोय ते कळलं ना?"

न कळायला काय झालं? म्हणून तर तिनं आदल्या आठवड्यातच मुलींना पढवून ठेवलं होतं, कर्ज कशाला पाहिजे असं विचारलं तर शिलाई मशीन म्हणायचं. आणि मुलींनी गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानली. एकीमागून एक शिलाई मशीन. जिला सुईत दोरा ओवता येत नव्हता तिलाही शिलाई मशीन.

शेवटी सारिका मॅडम हसल्या. "अहो, एवढ्या मशिनी गावात आल्या तर शिवणार काय?"

कोपऱ्यात वाती वळत बसलेली धुरपदाबाई म्हणाली, "बठ्ठ्यासले मशिनी लागन्यात, तं कपडा फाडाले कोन राही वं माय?" म्हातारी धुळ्याकडून लग्न होऊन आली त्याला सारं आयुष्य लोटलं, पण बोली तिनं माहेरचीच ठेवली. बाईची एवढी तरी मिरास तिच्याजवळ राहावी ना!

मुली खळखळून हसल्या. मॅडमही हसल्या, मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मांडी घातली. "बरं, मशीन राहू दे. खरं सांगा. काय पाहिजे?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. देवळामागून केळीच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"माले कर्ज नको," रूपाच बोलली. ती केळी भरण्याच्या कामाला जायची. खोकी भरताभरता बोटं चिकानं काळी पडलेली. मजुरी तिच्या हाती येत नसे, मुकादम परस्पर तिचा भाऊ दीपक याला देई. "कर्ज काढलं तं ते दीपकभाऊच नेईन. अन् फेडनार मी. माले जागा पाह्यजे. आपलं आपल्याजोळ राहीन अशी जागा. भुसावयले नर्सिंगचा कोर्स हाये. फी भरली की लगेच घेतात. घरचे वैशाखात लग्नाचं म्हनू ऱ्हायले."

"मग आता कुठे ठेवतेस?"

रूपानं मान खाली घातली. पण खाली जाता जाता तिची नजर धुरपदाबाईवर टेकून गेली. रूपालीनं ते पाहिलं. आणि मॅडमनीही पाहिलं.

"चाला पोरीहो, झाडाले लागा, हरिपाठनी येळ व्हयनी," म्हणत म्हातारी उठली.

आता पाहा, या गावात मुलीला संध्याकाळी उंबरा ओलांडायचा तर दहा प्रश्न. मैत्रिणीकडे जाते म्हटलं तर कोणती मैत्रीण, तिच्या घरी कोण कोण असतं. पण हरिपाठाला जाते म्हटलं की आई स्वतः होऊन सांगणार, मूठ घेऊन जा गं. चैत्रात सप्ताह बसतो, त्याच्या पंगतीसाठी वर्षभर रोज घरटी मूठभर गहू देवळात जायचा. मुलगी बंद मूठ धुरपदाबाईच्या पदरात सोडायची, आणि म्हातारी पदर हंड्यावर झाडायची. गहू हंड्यात. पण गव्हाच्या पोटात एखादं नाणं, कधी चौघडी केलेली नोट असली, तर ती पदरातच राहायची. रात्री ती त्या त्या मुलीच्या गाठीत जायची. प्रत्येकीच्या जुन्या फ्रॉकचा, परकराचा तुकडा म्हातारीनं मागून घेतलेला, त्याची पुरचुंडी. कापडावरून मालकीण कळायची.

"देवना गहू कमी पडाले नको," एवढी एकच अट. मूठ भरगच्च पाहिजे. "मूठ देवनी, गाठ तुनी."

कोणी सुरू केलं, माहीत नाही. रूपाली शाळेत होती तेव्हाही हे चालू होतं. एका वर्षी सप्ताहात बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. काय रंगलं होतं कीर्तन! पोह्यांची पुरचुंडी काखेत दाबून बसलेला तो लाजरा ब्राह्मण, आणि "वहिनींनी काय दिलं रे?" म्हणत ती ओढणारा द्वारकेचा राजा. मृदंग थांबला, सारा मंडप डोळे पुसू लागला, आणि बायकांच्या बाजूला बसलेली एक मुलगी रूपालीच्या कानात कुजबुजली, "देवानं ओढली म्हनून बरं वं. भावानं ओढली असती तं?" दोघींनी हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली होती.

रूपालीची बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची फी त्या गाठीतून गेली. त्यावर ही नोकरी लागली. नोकरीवर स्थळ आलं. आणि लग्नानंतर पहिला पगार झाला त्या दिवशी नवरा, हितेंद्र, हसतहसत म्हणाला होता, "कार्ड माझ्याजवळ राहू दे. तू वेंधळी, गाडीत हरवशील." मोबाइलवरचं खातंही त्यानंच जोडून घेतलं. त्यानं कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. मागेल ते देतो. फक्त मागावं लागतं. बांगड्या मागाव्या लागतात, पॅड मागावे लागतात, मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाचं पाकीट मागावं लागतं. "मी कधी नाही म्हणतो का?" तो विचारतो. नाही म्हणत नाही हो. म्हणून तर कोणाजवळ सांगताही येत नाही.

मुली झाडूपाण्याला लागल्या तशा सारिका मॅडम रूपालीला घेऊन देवळाच्या पारावर येऊन बसल्या.

"रूपाली, तुम्हाला माहीत आहे ना, त्या कुठे ठेवतात?"

रूपाली पाराच्या भेगेतलं गवत उपटू लागली.

"मी चुगली करायला आले नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंच माया होती. "अडचण काय आहे सांगू? मुलींना पाहिजे ते आपल्याला देता येत नाही, आणि आपण देऊ शकतो ते त्यांना नको. आपल्या कंपनीला ठेवी घेता येत नाहीत. पण एखादी बँक बरोबर आली तर जमेल. त्यासाठी मला वर दाखवावं लागेल की मुली आधीच बचत करतात, स्वतःची पद्धत आहे त्यांची. तेवढं मिळालं तर ही योजना उभी राहील. आणि खरं बोलायचं तर तुमचंही काम होईल. भूपेंद्र सर बोललेत माझ्याशी."

रूपालीच्या डोळ्यांपुढे ती जळगावची खुर्ची आली. पंख्याखालची. भुसावळचा फलाट नको, उन्हातली पायपीट नको.

"मॅडम, खातं उघडलं तर पैसे टाकल्याचा मेसेज येईल?"

"येणारच."

"कुठल्या फोनवर?"

मॅडमनी वळून आत झाडणाऱ्या पोरींकडे पाहिलं. "मुलींकडे फोन नाहीत?"

"घरात चांगला फोन एकच. तो भावाकडे."

"मेसेज बंद ठेवता येतो का, ते विचारते मी."

"आणि योजनेचं नाव असेल? फलक लागतील?"

"लोकांना कळलं तरच मुली येतील ना, रूपाली."

"हो. लोकांना कळलं तर," रूपाली म्हणाली.

तिला दिसू लागलं. देवळाच्या भिंतीवर रंगीत फलक, त्यावर बंद मूठ आणि गव्हाच्या ओंब्या. दारात उभा दीपक, आत जाणाऱ्या बहिणीला म्हणतोय, "मूठ उघड पाहू." उद्यापासून गावातली प्रत्येक मूठ उंबऱ्यावर उघडली जाईल. कोणी वाईट नव्हतं त्यात. मॅडम चांगल्या, योजना चांगली. पण हाताला धरून उजेडात आणलं की मरतं, असंही काही असतं देवाच्या राज्यात.

"नाही माहीत, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही शिलाई मशीनच लिहा."

सारिका मॅडमनी कागद मांडीवर घेतला. "आणि तुम्ही? तुमचं तुम्ही कुठे ठेवता?"

"माझा पगार खात्यात येतो."

"कार्ड?"

"घरी असतं."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं. त्यांची गाडी आली तेव्हा त्यांनी रूपालीचा हात हातात घेतला, दाबला, आणि रावेरपर्यंत सोडू का म्हणून विचारलं. रूपाली म्हणाली, हरिपाठ ऐकून जाते.

टाळ वाजू लागले होते. रूपा दारातच भेटली. हातात बैठकीला येतानाच घरून आणलेला गव्हाचा डबा.

"ताई, सांगितलं काय वं त्याइले?"

"नही."

"बरं केलं." रूपानं सुस्कारा टाकला. देवळात जायला वळली, आणि पुन्हा मागे फिरली. "पन मंग माह्यं?"

रूपाच्या गाठीत किती जमलंय ते दोघींना ठाऊक होतं, आणि वैशाख किती जवळ आलाय तेही. मुठी शाबूत राहिल्या होत्या. पण मुठींनी फी भरायला अजून एक वर्ष हवं होतं, आणि वर्ष काही गव्हाखाली लपवून ठेवता येत नाही.

"तुझ्या डब्यातले मूठभर गहू दे मला," रूपाली म्हणाली.

हितेंद्रनं सकाळी स्टेशनपासूनच्या रिक्षासाठी पैसे दिले होते. ती रिक्षात बसली नव्हती. रोजच बसत नसे. चपलेचा अंगठा चालूनचालूनच झिजला होता. लग्न झालेली, नोकरीवाली, मुलींना ताई म्हणवून घेणारी बाई आठवड्यातून एकदा बैठकीला आली की कुमारिकांच्या रांगेत उभी राहायची. तिची पुरचुंडी जुन्या निळ्या परकराची होती. त्यात ती कशासाठी साठवत होती, हे धुरपदाबाईनं कधी विचारलं नाही, आणि बरं झालं, कारण तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं रिक्षाच्या त्या नोटेची चौघडी केली, ती गव्हात दाबली आणि रांगेत उभी राहिली. पुढे मुली मुठी सोडत होत्या, म्हातारी टाळाच्या ठेक्यावर पदर झाडत होती.

"ही रूपाच्या गाठीत," मूठ पदरात सोडताना रूपाली हळूच म्हणाली. "आणि निळीतलं सगळं."

धुरपदाबाईचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. "बठ्ठं?"

"बठ्ठं."

"अन् तुले वं माय?"

"माझा पगार येतो की खात्यात."

म्हातारीनं पदर झाडला. गहू हंड्यात पडला. टाळ चालूच होते, नामाचा गजर चढत होता. रूपा पुढच्या रांगेत डोळे मिटून गात होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

रावेरच्या फलाटावर फोन वाजला. "काय झालं गं जळगावचं?" हितेंद्रनं विचारलं.

"नाही जमलं."

"तुला चार माणसांत बोलता येत नाही, हेच तुझं आहे. जाऊ दे. तिकिटाला आहेत ना? की पाठवू?"

"आहेत."

"नसतील तर सांग. मी कधी नाही म्हणतो का?"

"नाही," ती म्हणाली.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर केळीच्या बागा अंधारात बुडत होत्या. मनगटाला काही टोचलं म्हणून तिनं पाहिलं, तर बांगडीखाली गव्हाचा एक दाणा अडकला होता. तो देवाचा. हंड्यात जायचा राहिलेला. ती खिडकीतून टाकणार होती, पण टाकवेना. तिनं तो तोंडात घातला आणि भुसावळ येईपर्यंत हळूहळू चावत राहिली.