आठ तास

धारूरच्या कॉलेजात अमरसिंह सरांनी तेवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला आणि तेवीस वर्षं लॅबची किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. मग नवा अभ्यासक्रम आला, त्यात पायथन आलं, आणि ते शिकवायला तासिका तत्त्वावर जिनत आली. गॅरेजवाल्या खाजामियाँची लेक, सरांचीच जुनी विद्यार्थिनी.

नव्याचे नऊ दिवस, म्हणत सरांनी दोन वर्षं काढली. नऊ दिवस काही संपेनात. सरांच्या तासाला पाच टाळकी, तीही पेंगणारी. जिनतच्या तासाला पोरं खिडकीत उभी राहून ऐकायची. व्हरांड्यातून जाताना सर मुद्दाम सावकाश चालत आणि आतलं हसणं ऐकून जळत. होय, जळत, त्याला दुसरा शब्द नाही.

"कावून एवढं मनाला लावून घेता?" घरी बायको, वनमाला, म्हणाली. "तुमीबी शिका की ते."

सर शिकायला बसलेही. मोबाइलवर व्हिडिओ लावला. शिकवणारा पोरगा जेमतेम विशीचा. त्याला बघूनही सरांचं डोकं फिरलं आणि त्यांनी मोबाइल पालथा घातला.

आता कुणी किती तास घ्यायचे, हा तक्ता दरवर्षी विभागप्रमुख करतो, म्हणजे सरच. आधी कायम माणसाचे तास, उरतील ते तासिकेवाल्याला. उरले नाहीत तर त्यानं घरी बसायचं. जिनतकडे आठ तास होते. यंदा सरांनी ते आठही आपल्या नावावर लिहिले. तिच्या नावापुढं शून्य काढताना पेन जरा अडलं, तर सरांनी दोष शाईला दिला. तक्ता पाकिटात घातला, पाकीट डिंकानं चिकटवलं आणि हेडक्लार्क मोहनरावांच्या हातात दिलं.

"कुणाला दाखवू नका."

"मी कुणाला दाखवतोय? आज शेवटची तारीख हाय, लगेच ऑनलाइन भरून टाकतो."

दुपारी सर लॅबमध्ये आले तर जिनत आपला डबा, पाण्याची बाटली आणि वह्या पिशवीत भरत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय सर? ऑफिसचे सगळे ऑनलाइन फॉर्म मीच भरते की. मोहनरावांना कुठं जमतंय."

सरांना हे दोन वर्षं ठाऊक होतं. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख असून फॉर्म भरायचं काम त्यांनीच तिच्या गळ्यात मारलं होतं. एवढा डिंक लावला आणि पाकीट तिच्याच हातात पडलं.

"एक चूक होती तुमची," ती म्हणाली. "तुमचे बारा आन माझे आठ, वीस होतात. तुमी बावीस लिवलं होतं. बेरीज जुळल्याबिगर फॉर्म पुढं जात न्हाई. मी वीस केले."

"आणि गेला नसता तर?"

"तर गेल्या वर्षीचीच वाटणी कायम राहिली असती."

म्हणजे तिचे आठ तास. सर खुर्चीवर बसले.

"मग दुरुस्त कशाला केलीस बाई? ठेवायची होती तशीच!"

"दिसलेली चूक तशी सोडायची न्हाई, तुमीच शिकवलंय सर." तिनं पिशवीची चेन ओढली, ती अडकली, तिनं परत ओढली. "लई राग आला होता. तरी केली."

"थांब, मी प्राचार्यांना सांगतो."

"फॉर्म लॉक झालाय. आता वर्षभर उघडत न्हाई."

ती गेली. दोन वर्षं ज्या तासांसाठी सर जळत होते ते आठही आता त्यांचे होते, आणि हेवा तसूभर कमी झाला नव्हता. पोरं तिचं ऐकतात याचा हेवा आता उरला नव्हता. तिच्या जागी असतो तर ती बेरीज आपल्याच्यानं दुरुस्त झाली नसती, याचा होता.

दारात पोरं जमली होती. पायथनच्या तासाची वेळ झाली होती.

"सर, मॅडम कुठंयत?"

सरांनी खडू उचलला. जे लिहायचं होतं ते त्यांना येत नव्हतं.