टॉवेलची शर्यत

"अगं, पण बक्षीस काय आहे ते तरी सांग!"

"टॉवेल," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. पुढच्या सीटवर तिच्या सायकलची चाकं बसली होती. "शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला."

प्रत्येकाला! म्हणजे पहिला आला त्यालाही टॉवेल आणि शेवटचा आला त्यालाही टॉवेल. मी गिअर असा काही टाकला की मागे बांधलेली सायकल खडखडली. लगेच बायको "हळू!" म्हणून ओरडली. माझ्या मानेला झटका बसला, त्याचं कोणाला काही नाही.

माझी बायको व्यावसायिक खेळाडू आहे. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून वर पळायचं, असली तिची शर्यत. मी फ्रिज दुरुस्त करतो. मला कोणी म्हणालं की फ्रिज फुकट कर, टॉवेल देतो, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावीन. हे मी आठवडाभर तिला सांगून पाहिलं. पण ऐकेल ती माझी बायको कसली!

आधी म्हणाली, सराव होतो. सराव तर ती रोजच करते; घरात माझा शर्ट वाळत घालायला दोरी मोकळी मिळत नाही इतका करते. मग म्हणाली, नवे बूट वापरून बघायचेत. मग म्हणाली, तळं छान आहे. तळं छान आहे म्हणून कोणी रविवारी पहाटे उठतं का? त्यातून आज माझ्या आत्याची पंचाहत्तरी. सगळं गोत तिकडे जमणार आणि मी तळ्याकाठी.

आणि एरवी ती मला नेत नाही. मोठ्या शर्यतींत घरच्यांना कुंपणापलीकडे उभं करतात. शिवाय तिच्या मते मी चुळबुळ करतो. या वेळी मात्र "तू चल, तू चल" म्हणून मागेच लागली. का, ते सांगेल तर शपथ.

वाटेत आईचा फोन आला. तो मी स्पीकरवर लावला, तिथेच चुकलं.

"निघालात का रे?"

"आई, आम्हाला उशीर होईल. हिची शर्यत आहे."

"आजच? मग मोठीच असेल. बक्षीस काय आहे?"

मी आरशात बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"टॉवेल."

मग आई म्हणाली, "अरे, घरातले फाटले का? मला सांगायचं, मी दिले असते."

आईच्या असल्या बोलण्यावर बायको एरवी पोट धरून हसते. आज हसली नाही. त्याचाही मला रागच आला.

तळ्यावर कुंपण नव्हतंच. एक टेबल, केळ्यांचा घड आणि सगळी हौशी मंडळी. पोट सुटलेले एक गृहस्थ मला विचारतात, "पाणी गार आहे का हो?" जसं काही तळं मीच रात्रभर फ्रिजमध्ये लावून ठेवलं होतं.

बायकोने पोहण्याचा तो रबरी सूट अंगात चढवला आणि माझ्याकडे पाठ केली. "चेन ओढ."

"ओढतो. तिकडे आत्ता सगळे नाश्त्याला बसले असतील," म्हणत मी तिच्या पाठीवर हात ठेवला. कॉम्प्रेसर जायला आला की फ्रिज थरथरतो, तशी तिची पाठ थरथरत होती.

"अगं, ताप आहे का तुला?"

"नाही." वळली नाही. "मागच्या शर्यतीत माझं पोट बिघडलं नव्हतं."

मागची शर्यत तिने पाण्यातूनच सोडली होती. पोट बिघडलं असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं, मलाही. मी तिला आठवडाभर पचायला हलकं करून घातलं होतं.

"कोणीतरी अंगावरून गेलं. तसं नेहमीच जातं. पण मला श्वासच घेता येईना. बचावाची होडी होती, तिला जाऊन चिकटले. हात सोडवेना रे. शेवटी त्यांनीच उचलून वर घेतलं. पूलमध्ये एकटी असले की काही होत नाही. माणसं आजूबाजूला आली की होतं."

"मग इथे कशाला मरायला आलीस?"

"बक्षीस असतं तिथे सगळ्यांचे डोळे असतात. होडी धरली की गावभर होतं. इथे मला कोण ओळखतं? इथे धरता येईल. नुसती धरायला बंदी नाही, तिच्याबरोबर पुढे जायचं नाही इतकंच." मग हळूच म्हणाली, "आज नाही जमलं तर सोडते सगळं. मला दुसरं काही येत नाही."

आता अशा वेळी नवऱ्याने काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हणालो, "अगं, मग आधी बोलायला काय झालं होतं तुला?" आणि चेन ओढली. चेनमध्ये तिचे केस अडकले. "आई गं!" ती ओरडली. तेवढ्यात शिट्टी झाली.

सगळ्यांच्या टोप्या नारिंगी. पाण्यात नुसती खळबळ. माझ्या शेजारी थर्मास घेतलेल्या एक बाई आपल्या नवऱ्याला हाका मारत होत्या. मी एकच टोपी नजरेत धरून ठेवली होती. निम्म्यात ती टोपी बाजूला निघाली, होडीकडे, आणि एक हात होडीच्या काठावर गेला. सगळे पुढे गेले. ते गार पाणीवालेसुद्धा गेले.

"सोड," मी पुटपुटलो. "अगं, सोड ना!"

तिने सोडली. चार हात मारले आणि पुन्हा धरली. खिशात फोन वाजत होता, आत्याचा असणार. वाजू दे. मनात म्हटलं, बये, ये परत. नको ते. घरी जाऊ, मी आणतो टॉवेल, पाहिजे तेवढे आणतो.

मग तो हात काठावरून निघाला. या वेळी ती थांबली नाही. तिचा तो नेहमीचा सपासप चालणारा हात नव्हता. एक हात टाकायची, तोंड वर काढायची, पुन्हा टाकायची. होडीवाला शेजारून चालला होता, तिने तिकडे बघितलंही नाही.

सगळ्यांच्या मागून ती काठाला लागली. गुडघ्यावर हात टेकून क्षणभर उभी राहिली आणि सायकलीकडे पळत सुटली.

"तुमच्या का त्या?" थर्मासवाल्या बाईंनी विचारलं. "पहिल्यांदाच उतरल्यात वाटतं पाण्यात?"

तिची सगळी पदकं, सगळे देश माझ्या तोंडाशी आले. एरवी ते ऐकवल्याशिवाय मी कोणाला सोडत नाही.

"हो," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

"मग टाळ्या वाजवा की हो!" म्हणत त्या वाजवू लागल्या. मी मघापासून मुठी आवळून उभा होतो, त्या उघडायला मला जरा वेळ लागला.