थिजलेली खिडकी

दुरुस्तीवाल्यानं माउस टिचकावला. ईमेलची खिडकी उघडली, क्षणभर पत्रांची यादी दिसली आणि सगळं फिक्कट पडून जागच्या जागी थिजलं. तिसऱ्यांदा.

"बघितलंस? सकाळपासून हेच चाललंय," थोरल्या बाई म्हणाल्या. बोलल्या त्याच्याशी, पण नजर सुनेवर होती.

सून कापडाच्या गठ्ठ्याला टेकून उभी होती. इस्पितळाच्या चादरी-अभ्र्यांचा भाव पाच वाजायच्या आत ईमेलनं गेला नाही, तर शिवणखान्यातल्या बारा मशिनी वर्षभर माश्या मारत बसणार होत्या. आणि काम मग जाणार कुणाकडं? सुनेच्या भावाकडं. त्याचाही धंदा हाच. संगणकाला हात लावणारी घरात एकटी सून. थोरल्या बाईंचे केस काही उन्हानं पांढरे झाले नव्हते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"इतके दिवस सुतासारखं चालणारं यंत्र नेमकं आजच रुसलं," त्या म्हणाल्या. "यंत्रालाही माहेर असतं वाटतं."

सुनेनं गठ्ठ्याची सैल दोरी करकचून बांधली.

दुरुस्तीवाल्यानं पडद्यावर एक काळी चौकट उघडली.

"हे काय रे, अंधारात चाचपडतोयस?"

"मावशी, हा संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. इथून प्रोग्राम चालू केला की तो कुठं अडला ते स्वतःच सांगतो."

"बरं आहे. माणसं सांगत नाहीत."

पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. त्यानं ती दोनदा वाचली.

"पत्रांची यादी अर्धीच लिहिली गेलीय. प्रोग्राम ती वाचायला जातो आणि तिथंच अडकून बसतो. काल चालू संगणक कुणी भिंतीवरच्या बटणानं बंद केला होता का?"

थोरल्या बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. काल संध्याकाळी सून पडद्यासमोर वाकून काहीतरी लिहीत होती. लिहिता-वाचता येण्याच्या नावानं बाईंची बोंबच, पण वरचं 'दादा' तेवढं त्यांना वाचता आलं होतं. दोऱ्याची खोकी आली म्हणून सून दारात गेली, तेवढ्यात त्यांनी बटण खाली केलं. आपला भाव माहेरी पोचायला नको.

"लाईट गेली होती," सून म्हणाली.

चष्मा पुसणारा हात थांबला. लाईट गेली असती तर बाराही मशिनी थांबल्या असत्या, हे न कळण्याइतकी सून खुळी नव्हती. मग ही आपल्यावर पांघरूण का घालतेय? नक्कीच स्वतःचं काहीतरी झाकायचं असणार.

दुरुस्तीवाल्यानं बिघडलेली यादी बाजूला सारली आणि प्रोग्रामला नवी करू दिली. खिडकी उघडली, आणि हलती-बोलती राहिली. सुनेनं पुढं होऊन भाव पाठवला. सव्वाचार वाजले होते.

"कालचं एक अर्धवट पत्र सापडलंय," तो म्हणाला. "ठेवू की पुसू?"

"पुसा," सून घाईनं म्हणाली.

"वाच," थोरल्या बाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

त्यानं एकदा दोघींकडं पाहिलं आणि वाचलं, "'दादा, फोनवर बोललो की आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते. तुझ्याकडं कामं चिक्कार आहेत. या वर्षी इस्पितळाचा भाव भरू नकोस. आमच्या बारा मशिनी त्याच्यावरच...' इथंच तुटलंय."

पिशवी आवरून तो बाहेर गेला. पलीकडच्या खोलीत मशिनी घरघरत होत्या.

"लाईट गेली नव्हती," थोरल्या बाई म्हणाल्या.

"माहितेय, आई."

"मग आता तरी पाठव ते."

"त्यानं दुपारीच भाव भरला. मघाशी वहिनीचा फोन आला होता."

थोरल्या बाईंनी स्टूल ओढलं आणि सुनेशेजारी बसल्या. त्या पडद्यासमोर त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

"तरी लिही."

"आता काय लिहू?"

"लिही, हे पत्र तुला कालच मिळायचं होतं."

सुनेनं लिहिलं. बोटं थांबली.

"पुढं?"

थोरल्या बाईंनी दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"पुढं 'सासूबाईंनी' एवढं लिही," त्या हळूच म्हणाल्या. "मग सांगते."