आता चुकू का?

खात्याशी भांडण्यात माझी हयात गेली. शिक्षक संघटनेचा सरचिटणीस म्हणून मी मोर्चे काढले, शिक्षण खात्याच्या मॅडमना भर सभेत निरुत्तर केलं. आणि आता त्यांच्याच शेजारी बसून शाळा सुधारायची योजना आखली होती. आमचीच माणसं मला 'खात्याचे व्याही' म्हणायला लागली. म्हणोत बापडी.

करार साधा होता. वर्गात एक माणूस खात्याचा बसेल, एक संघटनेचा. जिथे अडेल तिथे शिकवणाऱ्याला हात द्यायचा, कुणाला घरी पाठवायचं नाही. पाठ मात्र रोजच्यासारखा हवा, नटवलेला नको. ही अट माझीच. टेबलावर हात आपटून मी ती घालायला लावली होती.

त्यातही माझ्या मनात होत्या आमच्या नवीन बाई. गुणी, कष्टाळू, पण वर्ग काही केल्या ताब्यात राहत नव्हता. खातं त्यांना काढायलाच निघालं होतं. करार झाला म्हणून थांबलं. "आधी माझा पाठ बघा, मग तुमचा," मी त्यांना म्हटलं. "भीती मोडेल."

मोठेपणा मिरवला खरा, पण आदल्या दिवशी माझाच धीर सुटला. मॅडमसमोर फजिती झाली तर? मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि उद्याचा पाठ आजच शिकवून टाकला. शिक्षकांच्या खोलीत याला आम्ही 'शिळा पाठ' म्हणतो. वर कडी म्हणजे, सगळीच उत्तरं बरोबर आली तर संशय येईल, म्हणून पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत मुलीला एक चूकही नेमून दिली. अर्धा आणि एक तृतीयांश मिळवून तिने दोन पंचमांश म्हणायचं, मग मी प्रेमाने समजावणार.

दुसऱ्या दिवशी मॅडम पहिल्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसल्या, नवीन बाई पार मागे. पाठ झकास रंगला. प्रश्न संपायच्या आत हात वर. मी बेरीज फळ्यावर लिहून वळलो, तर ती मुलगी उभी राहून हळूच म्हणाली, "सर, आता चुकू का?"

माझे कान तापले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. मागे नवीन बाई मान खाली घालून भराभरा लिहून घेत होत्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

तास संपल्यावर आम्ही तिघं शिक्षकांच्या खोलीत बसलो.

"सर, मला हे जन्मात जमणार नाही," नवीन बाई म्हणाल्या. "माझा पाठ बघूच नका. मी नोकरी सोडतेय."

"अहो, सवयीने येतं," मी म्हणालो, आणि माझीच मला किळस आली. मॅडम चहा ढवळत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नवीन बाई पर्स उचलून दारापर्यंत गेल्या.

"शिळा होता," मी म्हणालो.

"काय?"

"पाठ. काल घोटून घेतला होता. एका मुलीला चूकसुद्धा पढवली होती."

वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा लाल झाला. "मी रोज घरी जाऊन रडते, सर. तुमच्या वर्गासारखा माझा वर्ग का नाही, म्हणून."

माझी मान वर होईना. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी कप खाली ठेवला. "उद्या ताजा पाठ घ्या, सर. आम्ही दोघी येतो."

ताजा पाठ भागाकाराचा होता. मधेच माझी गाडी अडली, मागची बाकं कुजबुजायला लागली, घाईत मी उत्तर चुकीचं लिहिलं. नवीन बाई आज पुढे बसल्या होत्या. त्यांच्या शेजारून तीच मुलगी काळजीने म्हणाली, "सर, आज चुकायचं काम तुमच्याकडे आहे का?"

"नाही गं. आज खरंच चुकलो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. नवीन बाई उठून फळ्यापाशी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी खडू त्यांच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.