बापाचं गाव

पवनानगरजवळच्या एका कॅम्पसाइटवर सत्यम घारे आचारी होता. सकाळी पाहुण्यांसाठी पोहे परतत असताना पोलिसांची जीप आली. बांगलादेशी कामगार शोधण्याची मोहीम सुरू होती. आदल्याच दिवशी तंबू ठोकायला आलेल्या दोघा मजुरांना त्यांनी बाहेर काढलं. त्यातला म्हातारा हात जोडून पुन्हा पुन्हा तेच काहीतरी सांगत होता.

"हिंदीत बोल!" फौजदार ओरडला.

"साहेब, त्याच्या पोरीला ताप आहे," सत्यम म्हणाला. "घरी एक फोन करू द्या म्हणतोय."

फौजदार वळला. "तुला बंगाली येतं?"

येतं, हे सत्यमलाही तेव्हाच कळलं होतं. पंचवीस वर्षांत त्या भाषेतला एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

"जन्म कुठला तुझा?"

सत्यमला पटकन उत्तर देता आलं नाही. तेवढं पुरलं. त्यालाही जीपमध्ये बसवलं.

जीप दुधिवरे खिंड चढत असताना त्याला जुनं सगळं आठवत राहिलं. लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या बांधकामावर त्याचा बाप स्लॅबवरून पडून मेला होता. मागे राहिलं पाच-सहा वर्षांचं, आईही नसलेलं पोर. तिथं वाळू टाकायला येणाऱ्या रखमाजी घाऱ्यांनी ते घरी नेलं, आपलं आडनाव दिलं, शाळेत घातलं. नाव विचारलं तेव्हा पोर म्हणालं, 'खोका.' बंगालीत खोका म्हणजे नुसतं बाळ, हे सत्यमला फार उशिरा कळलं. पण एक गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्याला एक होडी आठवायची. भलीमोठी नदी, आणि आवाज होऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर घट्ट दाबलेला आईचा हात. होडी कुठून कुठे चालली होती? पोलिसांची चूक झालीय, असं त्याला छातीठोक म्हणता येईना. त्याची खरी भीती हीच होती.

दुपारी रखमाजी आणि सत्यमची बायको कोमल लोणावळ्याच्या ठाण्यावर आले. कोमलनं आधार, मतदान ओळखपत्र, शाळेचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं.

"असली कार्डं सगळ्यांकडेच असतात," फौजदार म्हणाला. "याचा बाप कुठला ते सांगा."

"मालद्याचा," रखमाजी म्हणाले. "बंगालातला मालदा. आपल्या देशातला. त्यानं सोत्ता सांगितलं व्हतं मला."

सत्यमनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"लिहून द्याल? खोटं निघालं तर तुम्हालाही आत घालीन, आबा."

"आना हिकडं. सही करतो."

चौकशीचं पत्र मालद्याच्या पोलिसांकडे पाठवलं गेलं. उत्तर येईपर्यंत सत्यमनं दर सोमवारी हजेरी द्यायची, असं ठरलं. त्या दोघा मजुरांना दुसऱ्या गाडीत घालून नेलं. कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

बसस्टॉपवर कोमल पाणी आणायला गेली, तेव्हा सत्यमनं हळूच विचारलं, "आबा, माझा बाप खरंच मालद्याचा?"

"मी पोचलो तवा त्याला चादरीखाली ठिवला व्हता. त्यो काय बोलनार?"

"मग मालदा कुठून आणलात?"

"आज ठाण्याभाईर एक बाई रडत व्हती, आमी मालद्याचं म्हनून. तिच्या तोंडून ऐकलं."

गावातले तंटे आबांच्या शब्दावर मिटत, आणि त्याच आबांनी त्याच्यासाठी खोटं लिहून दिलं होतं. "आबा, मला एक होडी आठवती..."

रखमाजींनी त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याची बोटं दंडात रुतली. "न्हाई आठवत. ऐकलंस? तुला कायबी आठवत न्हाई."

सोमवारमागून सोमवार गेले. मालद्याचं उत्तर येत नव्हतं. न येणं बरं की वाईट, हेही कळत नव्हतं. रस्त्यावर जीप वाजली की कोमल लेकीला आत ओढून दार लावायची. सत्यम लोकांशी मोजकंच बोलू लागला. आपल्या मराठीत काही वेगळं ऐकू येतं का, याकडेच त्याचे कान असत.

दिवाळीनंतर रखमाजींना न्यूमोनिया झाला. तळेगावच्या दवाखान्यात सत्यम त्यांच्या उशाशी बसून होता. छातीतली घरघर ऐकता ऐकता त्याच्या मनात आलं, हे गेले तर आपल्या बाजूनं बोलणार कोण? आणि तो शरमला. ज्या माणसानं हात धरून घरी नेलं, त्याच्या मरणाची भीती वाटतानाही आधी स्वतःचाच विचार यावा?

"आबा, बरे व्हा," तो म्हणाला.

रखमाजींनी डोळे उघडले.

"आज सोमवार न्हवं का?"

"व्हय."

"मग हितं काय करतोस? जा. हजेरी चुकवू नगं."

सत्यमनं त्यांचं पांघरूण नीट केलं, कोमलला उशाशी बसवलं आणि तो लोणावळ्याला जायला निघाला.